आठपैकी सहा रेस झाल्या, सीझन नुसता वर-खाली. उरलेल्या दोन करू की थांबू?

खडीवाट

नमस्कार. जरा लांबलचक लिहिते आहे. तुटक विचारलं की उत्तरंही तुटक येतात, आणि मला एखाद्या रेसबद्दल नाही, अख्ख्या सीझनबद्दल विचारायचंय.

वय २७. तीन वर्षं हौशी गटात माउंटन बाइकची क्रॉस-कंट्री केली, यंदा पहिल्यांदा एलिट गटात उतरले. पूर्ण वेळ नोकरी आहे, त्यामुळे सराव पहाटे आणि सुट्टीच्या दिवशी. कोच नाही. एक तयार ट्रेनिंग प्लॅन घेतलाय, तो माझ्या आठवड्यात बसवते. सायकल २९ इंची, पुढे-मागे १२० मिमी सस्पेन्शन.

पहिल्या रेसला माझ्याकडे एकही रँकिंग पॉइंट नव्हता, त्यामुळे उभी राहिले अगदी शेवटच्या रांगेत. ३४ जणींत ३१ वी. ज्यांनी मागून स्टार्ट केलाय त्यांना माहीत असेल, रुंद रस्ता संपून सिंगल ट्रॅक (एका वेळी एकच सायकल जाईल अशी अरुंद वाट) सुरू होतो तिथे कसा तुंबा होतो. पुढच्या निघून गेलेल्या असतात आणि आपण सायकलवरून उतरून, एक पाय जमिनीवर टेकवून वाट बघत असतो. त्या एका ठिकाणी माझं सव्वा मिनिट गेलं. तरीही १४ वी आले. घरी पोचेपर्यंत हात थरथरत होते, आनंदाने.

दुसऱ्या रेसला नववी. तिसऱ्या रेसला तिसरी! पोडियमवर उभी राहिले, आयुष्यात पहिल्यांदा. त्या रात्री मी पुढच्या पाच रेसचे पॉइंट वहीत मांडून ठेवले होते.

मग चौथी. ती माझ्या डोक्यातून जात नाही. आदल्या दोन दिवसांत मी ती वाट तीन वेळा पायी चालले होते. कुठलं मूळ ओलं राहतं, कुठल्या दगडावरून पुढचं चाक उजवीकडे सरकतं, सगळं पाठ झालं होतं. रेसमध्ये तिसऱ्या फेरीअखेर मी सहावी होते आणि पाचवीची पाठ दिसत होती. पाय हलके होते. असं माझ्या बाबतीत फार क्वचित होतं, की चढ संपतो तेव्हा वाटावं, अजून थोडा असता तरी चाललं असतं. चौथ्या फेरीच्या उतारावर मागून फुस्स असा आवाज आला. बारीक भोक, टायरमधल्या सीलंटने (भोक बुजवणाऱ्या द्रवाने) बुजायला हवं होतं, नाही बुजलं. थांबून भोकात रबरी प्लग खुपसला, हवा भरायला सीओटू वायूचं काडतूस रिकामं केलं, बसले, दोनशे मीटरवर टायर पुन्हा बसला. दुसरं काडतूस नव्हतं. नियमाप्रमाणे बाहेरची मदत फक्त टेक झोनमध्ये (वाटेवरच्या दुरुस्तीच्या ठरलेल्या जागेत) मिळते, तो तिथून जवळजवळ एक किलोमीटर लांब. सायकल ढकलत पळाले. एकेक जण बाजूने जात होती, दोघींनी जाताना ‘सॉरी’ म्हटलं. चाक बदलून पुढे निघाले आणि २२ वी आले. शेवटची फेरी मी रडत केली, त्याची मला लाज वाटत नाही.

पाचव्या रेसच्या आदल्या दिवशी सरावात रॉक गार्डनमध्ये (वाटेवरच्या दगडांच्या पट्ट्यात) पुढचं चाक दोन दगडांच्या फटीत अडकलं आणि मी डाव्या हातावर पडले. एक्स-रे स्वच्छ आला. पण मनगटातल्या स्कॅफॉइड हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही, म्हणून डॉक्टरांनी स्प्लिंट बांधून दहा दिवसांनी परत बोलावलं. हाड शाबूत निघालं. रेस मात्र गेली. निकालात नावापुढे डीएनएस, म्हणजे स्टार्टच केला नाही.

ते तीन आठवडे मी घरात ट्रेनरवर (जागेवरच सायकल चालवायच्या स्टँडवर) काढले. एक दिवसाआड इंटर्व्हल, म्हणजे थांबून थांबून पूर्ण जोर. बाहेर जाता येत नाही तर निदान फिटनेस तरी घालवायचा नाही, असं ठरवलं होतं. वजनही उतरवलं, ५८ वरून ५४. चढावर फायदा होईल असा हिशेब होता.

आणि सहावी रेस. पंक्चर नाही, पडणं नाही, कुणाचा धक्का नाही. पायच नव्हते. एरवी स्टार्टनंतर दोन मिनिटांत माझे ठोके १८४ पर्यंत जातात. त्या दिवशी जीव तोडून १६८. त्याच्या वर जाईचनात. सगळ्यात पुढे असलेल्या मुलीची पहिली फेरी १५ मिनिटांची होती, म्हणजे ८० टक्क्यांच्या नियमाने १२ मिनिटं मागे पडलं की बाहेर. चौथ्या फेरीअखेर मला कमिसेअरने (रेसच्या पंचाने) हात करून बाजूला घेतलं. खाली वाकून पाहिलं तर सायकल अगदी ठणठणीत होती. तेच जास्त लागलं.

१४, ९, ३, २२, सुरूच नाही, बाहेर काढलं. हा कागद समोर ठेवला की मला एवढंच दिसतं, की मे महिन्यात मी होते ती आता नाही. उतरती कळा लागली आहे का? चौथी आणि पाचवी रेस नशिबाने गेली असं म्हणते, पण सहावीचं काय? दोन रेस उरल्या आहेत, पहिली नऊ दिवसांवर. जोर लावून सराव वाढवू, की सीझन इथेच बंद करू?

जुना हार्डटेल

तुला ‘तू’ म्हणतो, वयाने बराच मोठा आहे. एकोणीस वर्षं रेस केल्या, आता मुलामुलींना शिकवतो.

तुझी चौथी रेस वाचताना मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. तरी आधी त्या कागदाबद्दल बोलतो. क्रमांकांची ती ओळ बाजूला ठेव. तिच्यात सहा वेगवेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात कोंबल्या आहेत. पहिल्या रेसचा १४ वा नंबर ३१ व्या जागेवरून आलेला आहे, तिसऱ्या रेसला तू कितव्या रांगेत होतीस? किती जणी होत्या? रस्त्यावरच्या रेसमध्ये घोळक्यात लपून शेवटी नंबर काढता येतो. आपल्याकडे दर फेरीला घड्याळ खरं बोलतं, नंबर बोलेलच असं नाही.

एक काम कर. सगळ्या रेसच्या फेरीनिहाय वेळा काढ, आयोजक देतातच. पहिली फेरी सोडून दे, तीत स्टार्टचा तुंबा असतो. दुसरीपासूनच्या तुझ्या फेऱ्यांची सरासरी घे आणि त्याच फेऱ्यांची विजेतीची सरासरी घे. तू किती टक्के मागे आहेस ते दर रेससाठी लिही. पंक्चर झालेली फेरी आणि त्यापुढच्या धरू नकोस. ट्रॅक लांब असो, आखूड असो, चिखल असो, टक्केवारी एकमेकींशी ताडून बघता येते. ते आकडे इथे टाक, मग बोलू.

रडत केलेल्या फेरीबद्दल. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये टॉम पिडकॉकचं पुढचं चाक पंक्चर झालं, आघाडीपासून चाळीसेक सेकंद मागे पडला, आणि शेवटच्या फेरीत व्हिक्टर कोरेत्स्कीला गाठून सुवर्ण घेऊन गेला. हे सगळ्यांना आठवतं. मला त्याच खेळाच्या आधीच्या ऑलिंपिकमधला मॅथ्यू व्हॅन डर पूल जास्त आठवतो. टोकियोत पहिल्याच फेरीत ड्रॉपवर (उडी घेऊन उतरायच्या उभ्या टप्प्यावर) पडला. सरावात तिथे फळी होती, रेसच्या दिवशी ती काढलेली होती, त्याला वाटलं आहे. रेस पूर्ण करू शकला नाही. इतक्या ताकदीचा माणूस! म्हणून त्याला कुणी उतरती कळा म्हटलं नाही. दोन वर्षांनी, २०२३ ला, तो रस्त्यावरचा विश्वविजेता झाला.

सराव वाढवू नकोस. निदान या आठवड्यात तरी नको. का, ते दुसरं कुणी माझ्यापेक्षा नीट सांगेल.

तेल आणि साखळी

मी मेकॅनिक आहे, रेसच्या टीमसोबत टेक झोनमध्ये उभा असतो. मी फक्त चौथ्या रेसबद्दल बोलणार.

तुम्ही त्याला नशीब म्हटलंय. मला एक सांगा, टायरमध्ये सीलंट शेवटचं कधी भरलं होतं? सीझनच्या सुरुवातीला भरून विसरला असाल तर चौथ्या रेसपर्यंत तीन महिने सहज झाले. उन्हाळ्यात, कोरड्या हवेत दोन महिन्यांतही सीलंट सुकतं. आतून टायरला रबराचा पापुद्रा धरतो आणि तळाला द्रव काहीच उरत नाही. बारीक भोक बुजलं नाही, हे वाचल्याबरोबर मला तेच वाटलं. टायर सोडवून आत बघा. कोरडा गोळा निघाला तर ते नशीब नव्हतं. हे मी दोष द्यायला म्हणत नाही, उलट आनंदाने म्हणतोय, कारण ही गोष्ट दुरुस्त होते.

दुसरं, सीओटू. काडतुसातून येणारा वायू बर्फासारखा थंड असतो, त्याने लॅटेक्सचं सीलंट गोठून त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून भरताना व्हॉल्व्ह चाकाच्या वरच्या बाजूला आणायचा, खाली साचलेल्या सीलंटवर थेट झोत जाता कामा नये. प्लग खुपसल्यावर हवा भरायच्या आधी चाक दोनदा फिरवा, भोक खाली येऊन सीलंट तिथे पोचू दे. आणि काडतुसं दोन. एक सॅडलखाली टेपने चिकटवून ठेवली तर वजन जाणवतही नाही.

हवा किती ठेवता ते लिहिलं नाहीत. ५८ किलोला २.४ इंची टायरमध्ये पुढे १८-१९, मागे २०-२१ पीएसआय इथून सुरुवात करा आणि दगड बघून ठरवा. आता तुम्ही ५४ किलोच्या आहात म्हणून अजून उतरवायला जाऊ नका, रिमवर दगड बसेल. (त्या चार किलोंबद्दल मला बोलायचा अधिकार नाही. पण वाचताना खटकलं.)

जाता जाता, डिरेलरचा हँगर (मागचा गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा) एक जादा जवळ ठेवा. तो मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, आपटलं की तो वाकावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. प्रत्येक फ्रेमचा वेगळा, आयत्या वेळी कुणाकडे उसना मिळत नाही. मनगटावर पडलात त्या दिवशी सायकल कुठल्या बाजूवर पडली होती? उजव्या असेल तर सरळ आहे का ते तपासून घ्या.

वळणावर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि आठ सीझन स्वतः रेस केलेली आहे. खडीवाट, तुझं वाचून मी काल रात्री लिहायला बसले होते आणि खोडलं, कारण रागावून लिहिलं जात होतं. तुझ्यावर नाही. आपण बायकांनी वजन उतरवलं की सगळे ‘छान फिट दिसतेस’ म्हणतात, त्यावर.

आता सरळ विचारते. पाळी वेळेवर येते आहे का?

तुझी सहावी रेस मी पुन्हा मांडते. दुखापत झाली. शरीर हाड-स्नायू भरून काढायच्या कामात होतं. त्याच वेळी तू एक दिवसाआड इंटर्व्हल केलेस आणि त्याच वेळी खाणं कमी केलंस. तीन आठवड्यांत चार किलो. म्हणजे खर्च वाढवला, जमा घटवली आणि वर दुरुस्तीचं काम सुरू होतं. जीव तोडूनही ठोके वर न जाणं हे थकव्याचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. आळस असता तर ठोके वर गेले असते आणि तुला नकोसं झालं असतं. तुझं उलट झालं, तुला हवं होतं आणि ठोके गेले नाहीत.

खेळाडूला खर्चाच्या मानाने ऊर्जा कमी पडत राहिली की शरीर एकेक खातं बंद करत जातं. पाळी, हाडांची घनता, झोप, प्रतिकारशक्ती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं. पुरुषांनाही होतं. तुला तेच झालंय असं मी इथे बसून म्हणणार नाही, ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. रक्त तपासून घे, आणि फक्त हिमोग्लोबिनवर समाधान मानू नकोस, फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघ. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो, आणि लांब पल्ल्याचे खेळ खेळणाऱ्या बायकांत हे वरचेवर दिसतं. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीचे ठोके आठवडाभर लिहून ठेव.

फ्रान्सच्या सायकलपटू पोलिन फेरां-प्रेवोचं सांगते, कारण मी स्वतः वाईट काळात तिचं उदाहरण धरून ठेवलं होतं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिला रेस अर्धवट सोडावी लागली. पुढे निघालं असं, की पायाकडे जाणाऱ्या इलियाक रक्तवाहिनीतच अडथळा होता, रक्तच पुरेसं पोचत नव्हतं. २०१९ च्या सुरुवातीला शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ती माउंटन बाइकची विश्वविजेती झाली. टोकियोत दहावी. पॅरिसमध्ये जवळजवळ तीन मिनिटांच्या फरकाने सुवर्ण. पाय चालत नाहीत तेव्हा आधी पायांना काय हवंय ते बघायचं, मन कच्चं आहे हा निकाल सगळ्यात शेवटी.

नऊ दिवसांवरची रेस करू नकोस. हे मात्र मी ठामपणे सांगते. रेसमध्ये खाणंही बघ. दीड तासाच्या रेसला तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं जायला हवीत, पोट सरावलेलं असेल तर नव्वदपर्यंत. बाटलीत नुसतं पाणी ठेवतेस का?

खडीवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस गप्प होते कारण एकेक गोष्ट तपासत होते.

तेल आणि साखळी, टायर सोडवला. मागच्यात द्रव थेंबभरही नव्हता. आत सगळं वाळून चिकटलेलं, आणि तळाशी एक रबरी गोळा. मी तो टेबलावर ठेवलाय. शेवटचं कधी भरलं ते आठवत नाही म्हणजे सीझनच्या आधीच भरलं असणार. दोन महिने मी त्या रेसला ‘नशीब’ म्हणत होते. हँगरही किंचित आत वाकलेला निघाला. सरळ करून घेतला आणि एक जादा मागवला.

काका, आकडे काढले. एका जागी बसून अडीच तास लागले.
पहिली रेस: विजेतीची सरासरी १६:१०, माझी १८:०२. साडेअकरा टक्के मागे.
दुसरी: १० टक्के.
तिसरी, म्हणजे पोडियमवाली: १४:३० आणि १६:१८. बारा टक्क्यांच्या वर.
चौथी, पंक्चरच्या आधीच्या दोन फेऱ्या: १५:२० आणि १६:३३. आठ टक्क्यांच्या आत.

मी हे तीनदा तपासलं. तिसऱ्या रेसला आम्ही फक्त अकरा जणी होतो, त्याच दिवशी दुसरीकडे मोठी रेस होती आणि पुढच्या बहुतेक जणी तिकडे गेल्या होत्या. हे मला तेव्हाही माहीत होतं, पण ट्रॉफी हातात असताना त्याकडे बघितलं नाही. म्हणजे ज्या दिवशी पोडियमवर उभी राहिले तो दिवस पहिल्या रेसपेक्षाही हळू होता, आणि ज्या दिवशी रडले त्या दिवशी मी सीझनमधली सगळ्यात वेगवान होते. ट्रॉफी मी काढून ठेवलेली नाही, शेल्फवरच आहे. पण चौथ्या रेसचा बिब नंबर आता तिच्या शेजारी लावलाय.

वळणावर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देते, कारण अजून कुणीतरी वाचत असेल. दोन महिने पाळी आलेली नाही. मी समजत होते की सराव जोरात आहे त्याचंच हे लक्षण. काल डॉक्टरांकडे गेले. हिमोग्लोबिन ठीक आहे, फेरिटिन बरंच कमी आहे, आणखी दोन रिपोर्ट यायचे आहेत. त्यांनी इंटर्व्हल पूर्ण बंद करायला सांगितलंय. सकाळचे ठोके एरवी ४८ असतात, या आठवड्यात ५७, ५६, ५८, ५७. आणि हो, बाटलीत नुसतं पाणीच असायचं.

सातव्या रेसमधून नाव काढून घेतलं. ईमेल लिहायला अर्धा तास लागला, पाठवल्यावर लगेच झोप आली. आठवीचं डॉक्टर काय म्हणतात त्यावर.

आयोजकांनी उत्तरात विचारलं, मार्शल कमी आहेत, येशील का? हो म्हटलंय. त्यांनी मला रॉक गार्डनच्या तोंडाशी उभं राहायला दिलंय, शिट्टी आणि पिवळा झेंडा घेऊन. पहिली फेरी सुरू व्हायच्या आधी त्या दगडांतून एकदा चालून घेणार आहे.

जुना हार्डटेल

आठ टक्क्यांच्या आत! पहिल्या एलिट सीझनला, नोकरी सांभाळून. तो आकडा मी माझ्या मुलींना उद्या फळ्यावर लिहून दाखवणार आहे, तुझी हरकत नसेल तर.

झेंडा घेऊन उभी असशील तेव्हा पुढच्या तिघींच्या हातांकडे नको, नजरेकडे बघ. त्या दगडांत शिरायच्या आधीच बाहेर पडायच्या जागेकडे बघत असतात. आणि चाक कुठल्या फटीतून जातंय ते वहीत काढून आण.